फर्मा

काळ्या किल्ल्याच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान,
पोटमाळ्यावर तारेला टांगलेले लाकडी पाय,
जोडीजोडीने.
एकच एकटा : उजवा, बेचाळीस नंबर,
अंगठ्यापाशी चामड्याचं ठिगळ ठोकलेला,
कारण रुबेशसायबाच्या अंगठ्याला गाठ होती.

सायब इंग्रज नव्हता.
मोराव्हिया, म्हणायचा, आणि बोटाने हवेत डोंगर काढायचा,
उतारावर द्राक्षं, बांधाला जर्दाळू,
तळघरात पिंपं, पिंपांवर बसून गाणारे चुलते.
बुटांच्या कंपनीने तीन वर्षांसाठी पाठवलेला.
मग तिकडे जर्मन आले,
ते गेले तर दुसरंच कुणी आलं,
इकडे नोकरी सुटली, आणि सायब
आमच्या आज्याच्या ओट्यावर येऊन बसला.
तीन वर्षं शिवडीच्या दफनभूमीत संपली.

दादा तेव्हा चौदाचे.
सोल कसा कापायचा, दोरा मेणातून किती वेळा ओढायचा,
हे सायबाने खुणांनी शिकवलं.
गाणं शिकवलं नाही. ते
हातोडीच्या दोन ठोक्यांमधून आलं.
लांब, ओढलेली ओळ,
कुणी या टेकडीवरून त्या टेकडीला हाक मारावी
आणि उत्तर येईस्तोवर थांबावं, तशी.
दादा थांबायचे ते ओठांतला पुढचा खिळा काढायला.
ओठांत खिळे धरून शिकलेलं गाणं,
त्यातली निम्मी अक्षरं अशीच मिटलेली.
पण आभाळाला सायब नेबे म्हणायचा
आणि दादा नभे,
आता ह्याला बिघडवलं म्हणायचं की काय म्हणायचं?

आई चिडायची. पोरीला झोपवायला
कुठल्या मुलखाचं रडगाणं हे!
मी झोपायचे, असं ऐकलंय.

अर्थ? दादा सांगायचे :
पोरगा टोपीला पीस लावून पलटणीत निघालाय.
पोरगी म्हणते, थांब.
मग थांबला का?
ते सायबालाही ठाऊक नव्हतं.
पुढचं कडवं त्याची आई म्हणायची.

गेल्या मार्चात एक बाई आली, बॅगा बघायला,
गोरी, घामाघूम, माझ्याहून थोडी मोठी.
मी मशीनवर, गुणगुणत.
बाईने बॅग खाली ठेवली
आणि माझ्या तिसऱ्या ओळीवर
तिची तिसरी ओळ ठेवली.
जुळली नाही.
सोबतचा पोरगा म्हणाला, मॅडम म्हणतात
इथं नदीचं नाव आहे, तुम्ही भलतंच घेताय.
मी म्हटलं, भलतं नाही, किल्ला आहे.
दादांचा पोरगा पन्नास वर्षं
काळ्या किल्ल्यावरूनच पलटणीत जात होता.
बाई हसली. मग हसायची थांबली.

मी विचारलं, पुढचं कडवं?
तिने म्हटलं, उभ्या उभ्या, बॅगेचा पट्टा मुठीत धरून.
गल्लीतली बफिंगची मशीन चालूच होती.
पोरगा अडखळत म्हणाला : तो काय थांबत नाही.
ती एक फांदी लावते. कसलं तरी झाड,
वासाचं, तुळशीसारखं समजा.
सुकलं तर समज.
काय समज?
एवढंच आहे, मॅडम म्हणतात.

मी शिडी लावून फर्मा काढून दिला.
तिने तो तळहातावर घेतला, टाच खाली,
आणि अंगठ्यावरचं ठिगळ चाचपत राहिली.
बॅगेच्या भावात मी काही सोडलं नाही,
तिनेही मागितलं नाही.

रात्री शटर ओढताना गाणं आपसूक आलं.
दादा असते तर विचारलं असतं,
मग, सुकली का तुळस?
तिसऱ्या ओळीशी अडले.
दोन्ही नावं ओठांत, खिळ्यांसारखी,
टोकं आत.
एक काढलं.
किल्लाच निघाला.