झोंडा सुटला त्या दुपारी

बकऱ्यांना आधी कळतं.
सकाळीच सगळ्या कळपाने आंदीजकडे पाठ केली
आणि बाबांनी छपरावर दोन दगड जास्तीचे चढवले.
मला म्हणाले, “सुलेमा, आज तुझी थाळी झाकून ठेव.”

ते तिला थाळीच म्हणतात.
पस्तीस मीटर रुंद, पांढरीधोप,
मालार्ग्वेच्या दक्षिणेला हारीयाच्या झुडपांत एकटी उभी.
तिच्यात कुणी कधी काही वाढलेलं त्यांनी पाहिलं नाही.

वाढतात, बाबा.
सूर्याच्या अगदी उंबऱ्याशी एक यान फिरतंय,
त्याच्या छातीवरच्या ढालीला
जाळलेल्या हाडांच्या भुकटीचा काळा लेप दिलाय.
“हाडं कुणाची?” त्यांनी विचारलं होतं.
मी युरोपातल्या लोकांना विचारते म्हणाले,
आणि विचारलं नाही.
हसतील असं वाटलं.

दोन वाजून दहा मिनिटांनी
डोंगरावरून तो उतरला, कोरडा, भट्टीच्या तोंडासारखा.
ऑगस्टमध्ये हातापायांना घाम.
खिडकीबाहेरचं कुंपण आधी पिवळं झालं, मग दिसेनासं.
काट्याने लाल रेघ ओलांडली.
मी बटण दाबलं
आणि थाळी सूर्यावरून मान काढून
हळूहळू सरळ वर बघू लागली,
कुलूप लागेपर्यंत सात मिनिटं.

यानाला यातलं काही ठाऊक नव्हतं.
त्याचा आवाज इथे पोचायला नऊ मिनिटं लागतात,
म्हणजे आम्ही कान मिटले तेव्हा
नऊ मिनिटांचं बोलणं वाटेतच होतं.
ते आलंच.
बकऱ्यांच्या पाठींवर पडलं,
छपरावरच्या दगडांवर, पाण्याच्या टाकीवर,
बाबांच्या टोपीवर,
आणि टोपी तर तेव्हा
कुंपणापलीकडे पळत सुटली होती.

काय होतं त्यात?
सूर्याच्या वाऱ्याचा एक झोत. वेग, दिशा, ताप.
यान सगळं जपून ठेवतं, पुढल्या आठवड्यात पुन्हा सांगेल.
पण मला ती वाया गेलेली नऊ मिनिटं
दिवसभर टोचत राहिली,
झोंड्यात टोचतं तसं डोकं.

रात्री येर्बाच्या चहात साखर घालताना
बाबांनी विचारलं, “तुमच्या त्या वाऱ्याला वास कसला येतो?”
“वास नाही. ह्या खड्याएवढ्या जागेत
फार तर पाचसहा कण असतात.”
त्यांनी साखरेचा खडा दिव्यासमोर धरला.
“मग वारा कशाला म्हणता?”
“घरातून निघतो तो निघतोच,” मी म्हणाले,
“थांबत नाही, परत फिरत नाही.”

बोलून गेले, मग लक्षात आलं.
अन्सेल्मो नेउकेनच्या तेलविहिरींवर गेला
त्याला ह्या जूनमध्ये सहा वर्षं झाली.
बाबांनी खडा चहात टाकला.
“त्याला निदान मोजता तरी येतं तुम्हांला,” म्हणाले.

अकराच्या सुमारास वारा पडला.
इतका अचानक की कानांत दडे बसल्यासारखं झालं.
बाबा कंदील घेऊन गोठ्यात गेले,
दोनदा मोजलं. एक करडू कमी.
तेच, जन्मल्यापासून कानात वारं शिरलेलं.

आम्ही ओढ्याच्या कोरड्या पात्रातून गेलो.
थाळी लांबवर अजून आभाळाकडे तोंड करून,
कुणी मागितल्यासारखी.
मी हाका मारत होते.
“गप,” बाबा म्हणाले, “किती बोलतेस.”
त्यांनी कंदील खाली ठेवला,
कानामागे तळहाताची वाटी केली,
आणि फार सावकाश,
पायांखालचा खडाही वाजू न देता,
वळू लागले.