घर ओढलं तो दिवस

माझा आणि एरार्दोचा सहा वर्षं अबोला होता.
कारण कुंपण. हातभर जमिनीचं,
जिच्यात बटाटे लावले असते तर पोतंही भरलं नसतं.

मग एका मंगळवारी तो, त्याचे दोघे मेहुणे
आणि सतरा वर्षांचा इलादियो
होडी घेऊन खाडीच्या तोंडाशी गेले.
बुधवारी परत आला तो फक्त थर्मास,
झाकण घट्ट लावलेला.
आतली कॉफी अजून कोमट आहे, असं कुणीसं म्हणालं.
शक्यच नव्हतं. पण कुणी खोडलं नाही.

नऊ रात्री आम्ही त्यांच्याकडे जपमाळ ओढायला बसलो.
म्हणजे बाकीचे बसले. मी दारापर्यंत जायचो,
सरपणाची मोळी भिंतीला टेकवायचो, परतायचो.
पेट्यांत ठेवायला देह नव्हते;
बायकांनी सदरे ठेवले, इस्त्री करून,
बाह्या छातीवर दुमडून.
इलादियोच्या आईनं त्याच्या सदऱ्याचं तुटकं बटण
तिथेच बसून शिवलं.
कुणी कात्री पुढे केली. तिनं दोरा दातांनीच तोडला.

दहाव्या दिवशी देल्मिरा म्हणाली, घर हलवा.
प्रत्येक खिडकीत तेच पाणी उभं राहतं.
भांडी तरी मी कुठे तोंड करून घासू?

चिलोएबाहेरच्या माणसाला हे वेड वाटेल.
आमच्या बेटावर घरं हलतात.
खाली ओंडके सरकवायचे, बैल जुंपायचे,
आणि ज्याला हात आहेत त्यानं यायचं.
मजुरी कुणी घेत नाही. फक्त
त्या दिवसाचं जेवण घरच्या बाईचं.
हा नेम मोडला तर घर ओढलं असं होत नाही,
उपकार केला असं होतं.

देल्मिराच्या कोठीत त्या आठवड्यात काय होतं
ते सगळ्या वाडीला ठाऊक होतं.

म्हणून आदल्या रात्री मागच्या खिडकीशी
एकेक जण जाऊन आला.
बटाटे, खारवलेलं मांस, बादलीभर शिंपले.
कुत्रं भुंकलं नाही. आत दिवा नव्हता.
पण खिडकीची कडी
कुणीतरी आतून काढून ठेवली होती.

सकाळी अकरा बैलजोड्या. बारावी माझी,
पालोमो आणि क्लावेल, त्यातला क्लावेल मारका.
कुणी काही विचारलं नाही. सरकून जागा दिली.
घर हललं तसा आतून कप फुटल्याचा आवाज आला.
"त्याचाच असणार," देल्मिरा म्हणाली,
"सांगितलं होतं, कडेला ठेवू नकोस,"
आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा
तिचा आवाज चिडका झाला. आम्हाला बरं वाटलं.

टेकडीची वाट अरुंद. घर रुंद.
घर अडलं ते बरोबर माझ्या कुंपणाशी.
शंभरेक माणसं, चोवीस बैल, नाकपुड्यांतून वाफ.
माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.
इतकं सगळे मिळून पाहत नव्हते
की पहार आणायला मला सांगावं लागलं नाही.

पहिला खांब निघेना.
मीच रोवला होता, रागात, जरुरीपेक्षा खोल.
दुसऱ्या बाजूनं एरार्दोच्या पुतण्यानं हात लावला.
आम्ही बोललो नाही. श्वासांनीच ताल धरला.
मग कुणी आरोळी दिली आणि घर
त्या हातभर जमिनीवरून करकरत गेलं,
जिच्यासाठी सहा वर्षं
मी त्या माणसाला पाहून टोपी उचलली नव्हती.

वरून मागे पाहिलं, तर किनाऱ्यावर
घराच्या मापाचं फिकट गवत,
आणि त्यात देल्मिराच्या कोंबड्या
गोंधळून उभ्या.

जेवायला रात्र झाली. तिनं प्रत्येकाला स्वतः वाढलं,
ताठ मानेनं, आग्रह करकरून.
माझ्या ताटात वाढताना थबकली.
तांबडे, लांबट बटाटे.
आमच्या वाडीत तसे फक्त माझ्याच रानात येतात.

"एरार्दो म्हणायचा," ती म्हणाली,
"जमीन तुझीच चांगली आहे,"
आणि पुढच्या ताटाकडे वळली.