अकरा दिवसांचा करार

करारात लिहिलंय: अकरा दिवस,
प्रवासाचे अर्धे धरून.
उंटावरून शेळ्या हाकण्याचे पैसे मिळतात मला.
इथं उंट नाही, नारिनकडं निघालेली खडखडती जीप आहे
आणि रस्ताभर मेंढ्या,
ज्यांना माझ्या सल्ल्याची काडीची गरज नाही.

चौदा गावं. सातांत कुत्र्यांना दर महिन्याला गोळी,
सातांत नाही.
चार वर्षांनी पोरांच्या पोटावर थंड जेल लावून
यकृतात पाण्याचे फुगे शोधायचे.
सापडले. दोन्हीकडं. जवळजवळ सारखेच.

डॉक्टर बेक्तुर चहात जर्दाळूचा मुरंबा ढवळत राहतात.
"म्हणजे काहीच निघत नाही?"
राजधानीतून फोन: मुलींमध्ये बघा,
दहा वर्षांखालच्यांत बघा,
नदीच्या अलीकडच्या गावांत तरी बघा.
मी म्हणते, खड्डे पुष्कळ खणले
की एखाद्यात ओल लागतेच,
तिला विहीर म्हणत नाहीत.

सहाव्या दिवशी गोळ्यांची वही उघडली.
हिवाळ्यातल्या खुणा वेड्यावाकड्या,
एकीवर चिखल, एकीशेजारी लिहिलेलं: चावला.
मे, जून, जुलै, ऑगस्ट मात्र
एकाच निळ्या शाईत,
शाळेतल्या कवायतीसारखे उभे.

अनारकुल, इथली नर्स, माझ्या खांद्यावरून वाकली.
"उन्हाळ्यात गावात कुत्रं असतंच कुठं?
मेंढ्यांमागं सगळी वर जातात, जाइलोवर.
खाली राहतात म्हाताऱ्या आणि कोंबड्या."
मग ही वही कुणी भरली?
ती खिडकीबाहेर बघायला लागली.

तोलोगोन आला. टोपी काढली नाही.
घोडा होता, तो थकला.
डिझेल मागितलं तर म्हणाले, बजेटात ती ओळच नाही.
रकाना कोरा दिसला की पगार कापायचे.
"पण गोळ्या मी फेकल्या नाहीत,
मोजून घ्या."
त्यानं पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला.
चार उन्हाळे होते त्यात,
पाकिटांत, तारखेवार, रबर लावून.

इतका नीट ठेवलेला पुरावा
मी आजवर कुठल्या संस्थेत पाहिला नाही.

रात्री जुना पत्रव्यवहार चाळला.
ती ओळ कुणी खोडली ते शोधत.
पाच वर्षांपूर्वीचा मसुदा, पान एकोणीस, समासात टिप्पणी:
"इंधनाची तरतूद जास्त वाटते.
उन्हाळ्यात गावं पायी फिरता येतील."
खाली माझी आद्याक्षरं.

वीस मिनिटांचं काम असेल. घरी, ओट्याशी,
कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये.
नकाशावर गावं एकमेकांना चिकटूनच होती.
बिलही लावलं असणार त्याचं.

अहवालात लिहिलं:
गोळी हरली असं म्हणता येत नाही,
गोळी वर पोचलीच नाही.
तोलोगोनचं नाव काढलं, माझं घातलं.
बेक्तुर म्हणाले, नावाची काय गरज आहे,
"नियोजनातील त्रुटी" म्हणा ना.
मी म्हटलं, त्रुटीला आद्याक्षरं नसतात.
ते हसले नाहीत. पुढच्या टप्प्याचे पैसे
बहुधा येणार नाहीत, हे त्यांनी
मुरंब्याची वाटी माझ्याकडं सरकवत सांगितलं.

अकराव्या दिवशी ऐझादा तपासायला आली होती,
वय नऊ, क्रमांक शून्य-चार-एकशेसतरा.
पडद्यावर जर्दाळूएवढी काळी गोल सावली.
बाहीनं जेल पुसत तिनं, कुणी न विचारता,
कुत्र्याचं नाव सांगितलं: अकतोश.
तो कुठं असतो आत्ता?
तिनं डोंगराकडं हात केला,
त्याच्या मागच्या डोंगराकडं,
मग बोट आणखी थोडं वर नेलं.

चालत जाता येईल? मी विचारलं.

तिनं माझ्या बुटांकडं पाहिलं.