लांडग्यासाठी कूलर

एप्रिल संपता संपता बेसा रोडला एका बंगल्यात
वाळ्याच्या ताट्या बदलायला गेलो,
तर उमाठे साहेब म्हणाले,
"आमच्या खोलीचं राहू द्या जी. आधी याचं करा."

हा म्हणजे अर्धा हस्की, पाव जर्मन शेफर्ड,
उरलेला पाव कागदावर लिहिला होता,
पण झेरॉक्स फिकी.
नाव युकॉन. कामाला येणाऱ्या कौतिकाबाई
युवराज म्हणतात.
तो दोन्ही नावांना ओ देत नाही.

किंमत ऐकली आणि पाना खाली ठेवला.
माझ्या दुकानाचं दीड वर्षाचं भाडं
फरशीवर पाय पसरून धापा टाकत होतं.

दिसायला मात्र, खोटं कशाला बोलू,
राखाडी पाठ, छातीला पांढरी झालर,
एक डोळा निळा, दुसरा गुळाच्या पाकासारखा.
त्यानं नुसतं वर पाहिलं
तर माझा हात आपोआप पिशवीतल्या हातोडीकडे गेला.
"चोर आला तर?" मी विचारलं.
"हात चाटते," कौतिकाबाई म्हणाल्या,
"अन् दिवाळीत चार दिवस बाथरूमात बसून राह्यते."

मागच्या वर्षीचा पंप उघडला.
जाळीत केसांचा बोळा, घुशीएवढा.
दोन उन्हाळे मोटर कशी चालली
तिचं तिलाच माहीत.
सोफा बाहेरून शाबूत, आतून पोखरलेला,
आंब्याच्या झाडाखाली तीन खड्डे,
चौथा चालू.
शेजारच्या लांजेवारांनी अर्ज दिलाय,
रात्री हा रडतो म्हणून.
"रडत नाही हो," साहेब म्हणाले, "गातो."
आणि स्वतःच खाली पाहिलं.

मुलानं घेतला होता. हट्टानं.
मग मुलगा एडमंटनला गेला.
"तिथं तो फावड्यानं बर्फ काढून राहिला रोज,
इथं मी याच्या बादलीत बर्फ टाकून राहिलो,"
असं म्हणून साहेब हसले,
मी नळी बसवत होतो, हसायचं राहून गेलं.

मी खरा लांडगा पाहिलेला आहे.
कुहीकडे, दहा-अकराचा असेन तेव्हा,
तुरीच्या धसकटातून दुपारी बाराला चालत गेला.
धुळीच्या रंगाचा, बरगड्या मोजून घ्या,
एका कानाला तुकडा नाही.
पाच रुपयांना कोणी विकत घेतला नसता.
बापानं दगड उचलला आणि तसाच धरून राहिला.
त्यानं आमच्याकडे पाहिलं, म्हणजे
आम्ही त्याच्या वाटेत नाही एवढं पाहिलं,
आणि उन्हातच कुठंतरी मिटून गेला.
त्या दिवशी हटवारांचं एक पाठरू कमी भरलं.
तो फोटोतल्यासारखा नव्हता. अजिबात.

हे साहेबांना सांगावं वाटलं.
पण ते तोवर गुडघे धरत खाली बसले होते
आणि जुना कंगवा घेऊन त्याची पाठ विंचरत होते,
एका हातानं, दुसऱ्यानं त्याचा जबडा धरून,
जसं लग्नाआधी पोराचा भांग पाडतात.
तो अख्खा लांडगा डोळे मिटून
त्यांच्या मांडीवर ओझं टाकून पडला होता.
संध्याकाळी फुटाळ्यावर नेलं की
अनोळखी माणसं गाडी थांबवून बोलतात म्हणे,
आधी त्याच्याशी, मग त्यांच्याशी.
बायको गेल्यापासून इतकं कोणी बोललं नव्हतं,
हे मात्र कौतिकाबाईंनी सांगितलं, गेटपाशी.

पंखा फिरला. पहिली ओली झुळूक आली,
वाळ्याचा वास खोलीभर.
युवराज उठला, कूलरसमोर उभा राहिला,
मान वर केली आणि लांब सूर लावला.
गल्लीतली कुत्री एकदम गप्प.
त्यांना काय कळलं कोण जाणे.
मलाही नीट नाही कळलं.

पावती फाडली, पन्नास रुपये कमी लावले.
तो टाकीत तोंड घालून पाणी प्यायला लागला.
म्हटलं, "साहेब, हे पिऊ देऊ नका, शेवाळ धरते."
"हो," ते म्हणाले, पण जागचे हलले नाहीत.
"सगळ्यालाच कसं नाही म्हणू त्याला?"