छप्पन्न

डाळमिलच्या गल्लीत, माडीवर,
कोरे सरांचं कर सल्ला केंद्र.
जिना चढताना चपलेखाली तुरीची टरफलं करकरतात.
एकतीस जुलैला चार दिवस राहिलेत
आणि माझ्यापुढं सतरा शिक्षक.

माझा नंबर आला तोवर
सरांच्या चहावर साय धरली होती.
'मिस्टरांचं गाव?'
उदगीर.
'तुमचं?'
भालकी.
'म्हणजे कर्नाटक,' म्हणाले,
आणि चष्म्यावरून असे बघायला लागले
जसं काही मी लग्नाला पॅसेंजरनं नाही,
जहाजानं आले होते.

आधार तिकडचं, मतदान तिकडं,
नोकरी इथं, बँकेच्या तीन नंबर खिडकीत, सहा वर्षं.
रेशनकार्डात मी अजून अण्णांच्या खाली, दोघा भावांच्या मधे.
नाव इकडं आणायला दाखला लागतो,
दाखल्याला तुझी सही लागते,
आणि तू आहेस तिथून
दरड हटल्याशिवाय टपाल हलत नाही.

माझ्या पगारपत्रकात व्यवसाय कराचा रकाना आहे.
महिन्याला दोनशे, फेब्रुवारीत तीनशे.
सगळ्यात आखूड महिन्याला सगळ्यात मोठी कात्री!
ज्यानं हे ठरवलं
त्याची बायको फेब्रुवारीत माहेरी गेली असणार.
तुझ्या कागदावर तो रकानाच नाही.
फौजीला माफ आहे.
'आणि फौजीच्या बायकोला?' मी विचारलं.
सर हसले. 'तुम्ही कुठं लढता, मॅडम?'
मी पर्सची चेन लावली, उघडली, परत लावली.
सिलिंडर, बोअरची मोटार, आईंची शुगर,
पोराचे सतराच्या पुढं न सरकणारे पाढे.
यातलं काही कुठल्या कलमात बसत नाही,
ते मलाही कळतं.

मग तुझा फॉर्म.
कायमचा पत्ता: उदगीर, जिल्हा लातूर.
सध्याचा पत्ता: छप्पन्न एपीओ.
टाइप करणारं पोरगं थांबलं.
'हे छप्पन्न कोणत्या राज्यात टाकू?'
मला तरी कुठं माहीत!
तू सांगत नाहीस, मी विचारत नाही,
पाकिटावर लिहिते, आणि ते पोचतं.

कोपऱ्यात बाबूमियाँ जुनी खतं वाचत बसलेले,
उर्दूची, मोडीची, वाळवीनं अर्धी खाल्लेली.
मान वर न करता म्हणाले,
'छप्पन साल तक दोनोंका जिला एकीच था, बेटी. बिदर.'
सगळं ऑफिस गप्प.
सरांनी साय बाजूला करून गार चहा पिऊन टाकला.

म्हणजे तुझे आजोबा न् माझे आजोबा
एकाच कचेरीच्या पायरीवर
मुल्कीचा दाखला मागत बसले असतील,
एकमेकांकडं तंबाखू मागितली असेल.
आणि तुझं आडनाव बघ, भातांब्रे.
भातांब्रा आमच्या भालकी तालुक्यात आहे की रे!
तुझं आडनाव माझ्या राज्यात राहतं,
मी तुझ्या राज्यात राहते,
तू छप्पन्नात.

'पडताळणीचा ओटीपी मिस्टरांच्या मोबाईलवर जाईल,' सर म्हणाले,
'पंधरा मिनिटांत कळवायला सांगा.'
पहिला गेला, वाया.
दुसरा गेला, वाया.
तिसऱ्या दिवशी, रात्री साडेनऊला
तूच पाठवायला लावलास,
रेंज मिळावी म्हणून कुठल्या तरी चढावर उभा राहून.
वारा इतका, की तुझा आवाज चाळणीतून येत होता.
चार. शून्य. नऊ.
पोरगं झोपलंय का, ते मधेच.
झोपलंय.
नऊ. दोन.
मी एकेक आकडा परत म्हणून दाखवत होते,
तू हूं म्हणत होतास.

शेवटचा सात
मला पहिल्यांदाच स्पष्ट ऐकू आला होता.
तरी मी म्हटलं, काय? परत सांग.