बुधवारची वही

लोटनच्या वेल्डिंगच्या दुकानात
बुधवारी शटर अर्ध्यावर ओढलं की
आम्ही चौघे वाकून आत शिरतो.
पाचोऱ्यात याला कुणी मंडळ म्हणत नाही.
बायका म्हणतात, गेले ठोकायला.

डफ आधी तापवावा लागतो.
लोटननं एकदा गॅसच्या बर्नरवर धरला,
तर बोकडाचं कातडं
पुन्हा बोकडासारखं वास मारू लागलं.
तेव्हापासून पऱ्हाटीचाच जाळ.
हिलाल आणतो मोटरसायकलला बांधून,
सोयरीक जमवून आल्यासारखा.

हिलाल कंपाउंडर.
सुई टोचताना हात हलका, गाताना गळा जड.
वही त्याच्या मामाची, लाल फडक्यातली,
पानोपानी तेलाचे डाग, तंबाखूची बोटं.
गुलाब पिंजाऱ्याकडे गाद्या आता मशीनवर भरतात,
पण तार दिसली की बोट आपोआप वळतं त्याचं.
तुणतुण्याची तार तुटली तेव्हा
त्यानं सायकलच्या ब्रेकची बसवली.
महिनाभर आमचं गाणं
उतारावर जरा थांबत थांबत गेलं.

मी झांज.
दिवसभर डेपोत पासच्या खिडकीला
सुट्टे द्या, सुट्टे द्या,
आणि इथं अर्धी मात्रा कायम उधार.
लोटन म्हणतो, एस.टी.चा माणूस,
येईल, येईल.

तर बावन्नावं पान.
कोपरा वाळवीनं खाल्लेला.

हिवराकाठे बैल बांधा, बैल पानी पेत नई,
धनी गया कोना गावले—

पुढं भोक.
भोकातून त्रेपन्नाव्या पानावरचा
एक काना दिसतो, तो काही कामाचा नाही.

अकरा वर्षं आम्ही ते भोक बुजवतो आहोत.
हिलाल म्हणायचा, सांगावा त्याना येत नई.
गुलाब म्हणायचा, चांद आज दिसत नई.
लोटनचं ठरलेलं, बिल मन्हं कोनी देत नई,
आणि डफावर अशी थाप की
कोपऱ्यातल्या खिडक्यांच्या ग्रिला थरथराव्या,
ज्यांचे पैसे खरंच आले नव्हते.
मी काही म्हणायचो नाही.
माझी पाळी येईतो कडवं संपलेलं असायचं.

परवाच्या बुधवारी लाइट गेली.
अंधारात वही काय आणि भोक काय.
हिलालनं पाठच सुरू केलं,
कोना गावले म्हणून श्वास घेतला,
आणि पलीकडून, पत्र्याच्या भिंतीतून,
भाकरी थापता थापता कुणी म्हणावं तसं आलं,

बैलले ठावं, माले म्हाईत नई.

जाळ तेवढा तडतडत होता.
मग सुपडाबाईचाच आवाज, आता भांडणाचा,
अकरा वरीस व्हयनात रे,
चुकीचं आयकी आयकी मना कान पिकी ग्यात.

लोटन उठला, भिंतीला तोंड लावून म्हणाला,
मंग आधी काब्र सांगं नई, मावशी?
ती म्हणाली, इचारं कोनी?

लाइट आली. हिलालनं खिशातलं पेन काढलं,
बावन्नावं पान गुडघ्यावर घेतलं,
वाळवीनं लिहायला जागाच ठेवली नव्हती.
पेन परत खिशात.
गुलाब कितीतरी वेळ नुसती तार पिळत होता,
मग म्हणाला, बैल पाणी का पीत नव्हता
ते आज कळलं.
आम्ही त्यावर बोललो नाही.
शेवभाजी आली होती, ती निवत होती.

या बुधवारी ठरलं काहीच नव्हतं,
तरी चौघेही ओळ येत असूनच आलो.
दोन कडवी नीट झाली,
तिसऱ्याला हिलाल कोना गावलेपाशी आला
आणि गप्प.
गुलाब गप्प. डफ मांडीवर पालथा.
मीही झांजा हवेत धरलेल्या.
भिंतीकडे चार माणसं बघत बसलेली,
ग्रिलच्या दुकानात.

पलीकडे कुकरची एक शिट्टी झाली.

लोटन म्हणाला,
समेवर आली.