तीन शून्य एक सात

हुफूफ. शुक्रवार. दुपारचे चार वाजून सात.
दम्मामकडून मालगाडी, डबल इंजिन,
पुढचं ३५२२, मागचं वाचता आलं नाही, ऊन डोळ्यांवर.
डबे एकशे नऊ, किंवा एकशे दहा;
मध्येच पाण्याचा टँकर आडवा आला.
एवढंच लिहितो.
वाऱ्याचं, मनाचं वगैरे लिहीत नाही.
त्याला दुसरी वही लागेल, ती मी आणलेली नाही.

सिमेंट कारखान्यामागच्या फाटकावर
हमदनील बसतो, सुदानचा, कस्सलाकडचा.
पहिल्या दिवशी त्याने विचारलं, याचे पैसे किती मिळतात?
मी म्हटलं, काहीच नाही.
तो आत गेला आणि दुसरी खुर्ची घेऊन आला.

आता चूक सांगतो.
आलो तेव्हा पहिले तीन महिने
मला इथले आकडे कळत नव्हते,
कळत नाहीत हेही कळत नव्हतं.
अक्षरं उजवीकडून येतात, आकडे मात्र आपल्यासारखे डावीकडून.
तीन तर जवळजवळ आपलाच तीन,
एक म्हणजे काठी. मग गोल दिसला
तर शून्य म्हणायचं, नाहीतर काय?
इंजिनाच्या कुशीवरचे इंग्रजी आकडे वाळूने घासून नेलेले.
मी लिहिलं: ३०१७.
चार वेळा लिहिलं. एकदा कडेला चांदणीही काढली,
त्याचा भोंगा जरा बसल्या घशाचा होता, म्हणून.

मग एकदा बकाल्यात, लबनच्या बाटलीवर
दुकानदाराने हाताने काढलेला नुसता गोल.
मला वाटलं, फुकट.
"खमसा," तो म्हणाला, आणि पंजा उघडला.
मी तसाच उभा. हातातल्या बाटलीला घाम सुटलेला,
आणि डोक्यात एक अख्खं इंजिन
रुळांवरून हळूहळू उतरत होतं.

गोल म्हणजे पाच.
शून्य म्हणजे ठिपका, माशी बसावी एवढा.

रात्री खोलीवर वही काढली. खोडरबर शेजारीच होतं.
३५१७ ला चार खेपा वाढवायच्या, की हिशेब चोख.
पण तारखा होत्या, वेळा होत्या:
१४ मार्च, धुळीचं वादळ, गाडी वेळेवर.
जे कुठल्या कारखान्यात घडलंच नाही
ते धुळीच्या वादळात वेळेवर आलं होतं.

हमदनीलला विचारलं, शून्यवालं कधी पाहिलंस?
तो चहात साखर ढवळत राहिला.
"मी दांडा खाली करतो," म्हणाला, "नंबर तू बघतोस."

अरबीत प नाही. ळ तर नाहीच नाही.
माझ्या इकाम्यावर लिहिलंय: तरिंबक बोफली.
अकरा वर्षं त्या माणसाने पगार उचलला,
रक्तदाब तपासून घेतला, दोनदा दंड भरला,
त्याच्याच सहीवर थोरलीच्या लग्नाचे पैसे निघाले.
त्र्यंबक पोफळे, मुक्काम कुर्डुवाडी,
हा इथे कुणाच्याच वहीत नाही.

म्हणून खोडलं नाही.
दर वर्षी नवी वही घेतो, पहिल्या पानावर
सगळी इंजिनं चढत्या क्रमाने उतरवतो.
३०१७ आपल्या जागी येतं. पुढे: खेपा चार.

चार एकोणीस. रियाधकडून परतीची गाडी,
रिकामी, म्हणून आवाज मोठा.
हमदनील उठला, दांडा खाली केला.
मी पेनाचं टोपण काढलं.
आकडा अजून लांब आहे;
एवढ्या उन्हात गोल आणि ठिपका
सारखेच दिसतात.